खोक्यांची झाकणं

चप्पल लाईनीतलं दुकान बंद करताना
रिकाम्या खोक्यांची झाकणं मी घरी आणतो.
ओवी कात्रीनं त्यांच्या पट्ट्या पाडते,
पट्टीचे चार तुकडे, तुकड्यावर एक शब्द.
मागं कुठं कापशी, कुठं नंबर आठ,
कुठं किमतीचा अर्धाच आकडा,
आणि पुढं स्वरूपाच्या अक्षरात, निळ्या पेननं:
रिलक्टंट.

मला इंग्रजी येत नाही.
म्हणून तिनं खाली उच्चार लिहून दिलाय
आणि कोपऱ्यात, मुंगीएवढा, अर्थ.
अर्थ मी अंगठ्यानं झाकतो, मग विचारतो.
ती भाकरी थापत सांगते.
चुकलं की कार्ड डावीकडं,
आलं की उजवीकडं, साखरेच्या डब्याजवळ.
रिलक्टंट तीन आठवडे डावीकडंच होता.
शेवटी मीच म्हटलं,
"अगं, बायकोनं दुकानात ओढत आणलेलं गिऱ्हाईक.
बसतंय, पण पाय पुढं करत नाही."
त्या रात्री तो उजवीकडं गेला.

शब्द नवा असला की चावतो, एवढं मला कळतं.
तेल लावून रात्रभर ठेवायचा,
घरातल्या घरात घालून फिरायचा,
चार दिवसांत पायाचा होतो.
आता कुकरची शिट्टी धरेना झाली
तरी ती म्हणते, "डिटीरिओरेट होतंय ह्याचं."
वॉर्डातनं आल्यासारखी, नाडी बघत.
शेजारच्या आक्का मला बाजूला घेऊन विचारतात,
बरं हाय न्हवं तिचं?

परवा राजारामपुरीच्या क्लासात बोलायची चाचणी झाली.
तुमच्या गावातल्या एका वस्तूबद्दल दोन मिनिटं.
तिनं आमचीच वस्तू घेतली.
पट्टा झाला, वेणी झाली, टाच झाली,
कानापाशी अडली.
चपलेला कान? सर म्हणाले, ऐकायला?
मग करकर.
करकरीला तिकडं शब्द आहे म्हणे,
पण तो उंदरालाही चालतो.
घरी आली ती फणफणत.
"पैसे देऊन वाजवून घेत्यात माणसं,
उंदीर कुठला मधीच!"
मला हसू आलं. तिला नाही.
साडेसहा पडले होते. सात लागतात.

सात. पायाचाही तिचा नंबर तोच.

एक मात्र तिला फुकट मिळालं.
इंग्रजीत बाई गेली काय, बाप्या गेला काय,
क्रियापद जागचं हलत नाही.
"त्यात काय," म्हणाली, "आमच्यात बायका
जन्मापासनं 'मी जातो'च म्हणतात."
पुण्यात ट्रेनिंगला होती तेव्हा
ह्यावरनं हसायच्या तिला पोरी.
आता म्हणावं हसा.
पर्स उचलते, "येतो मी," म्हणते,
आणि रात्रपाळीला निघते.

ती गेली की मी गठ्ठा परत लावतो.
उजवीकडं पाचशेच्या वर. डावीकडं अकरा.
त्यातलं एक मी नेहमी तळाला सरकवतो.
डिपेंडंट.
नंबर नऊच्या झाकणाचं आहे, माझ्याच पायाचं.
ते तिला कधीच चुकलेलं नाही,
डावीकडं मीच ठेवलंय.
फॉर्मवर ओवीच्या नावापुढं तो शब्द आहे,
आणि ओवीच्या वर माझं नाव.
पंधरा वर्षं दुकानाची किल्ली माझ्या कमरेला आहे.
कोपऱ्यातला अर्थ एकदा न झाकता वाचला.
चावतो.
तेल लावून बघतोय.

सात नंबरचा एक जोड बाजूला काढलाय,
कान बारीक, करकर बेताची, अंगठा मऊ.
तिकडं थंडी असते, मोजे घालावे लागतात,
आणि मोजा घातला की अंगठ्यात बोट शिरत नाही.
हे तिनं नाही, ओवीनं सांगितलं,
कात्री चालवता चालवता, खाली बघूनच.

आज तवा तापलाय. पीठ मळून झालंय.
"विचारा," ती म्हणते.
मी कार्ड उचलतो,
अर्थावर अंगठा ठेवतो.